मर्सिडीजच्या स्टारमधे एवढं काय आहे, नुसतं नावच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर, आता रिटायर झालेत, रस्त्यात मर्सिडीज दिसली की चालता चालता थांबतात. तुम्ही म्हणालात की बाबा आता सगळ्याच गाड्यांना एअरबॅग आहे, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, मग या स्टारमधे एवढं काय, तर ते म्हणाले "तू स्टिअरिंगवर आयुष्य काढलं नाहीस, तुला नाही कळणार." आता तुम्हाला ते कळून घ्यायचंय, आणि जमलं तर एक सेकंडहँड घेऊन त्यांना द्यायचीय.

मी पुण्यात १९९२ पासून गाड्यांची कामं करतो, त्यातली बरीच वर्षं जर्मन गाड्यांवरच गेली. माझ्या मते तुमचे प्रश्न दोन दिसले तरी आहे तो एकच, की हे नाव ज्या कामामुळे मिळालं ते काम तुम्ही घ्याल त्या गाडीत शिल्लक आहे का. त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही, गाडी कोणत्या सालची, कुणी कशी सांभाळली आणि वडील ती रोज चालवणार का रविवारी, यावर सगळं आहे. पण नाव कशामुळे मिळालं ते सांगता येतं, आणि तुमचे वडील जे म्हणाले ना स्टिअरिंगचं, ते अगदी बरोबर म्हणाले, तिथूनच सुरू करतो.

कार्ल बेंझने मानहाइममधे २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज केला, हे सगळीकडे वाचायला मिळतं. एक सिलिंडर, ९५४ सीसी, ताकद पाऊण हॉर्सपॉवरच्या आसपास. पण गाडी कुणी घेत नव्हतं, लोकांना ते खूळ वाटायचं. मग १८८८ च्या ऑगस्टमधे त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता पहाटे दोन मुलांना घेऊन गाडी काढून निघाली, मानहाइमहून थेट माहेरी फोर्झहाइमला, जवळपास १०६ किलोमीटर. लग्नाआधी आपल्या हुंड्याचे पैसेही तिने याच धंद्यात घातले होते, त्यामुळे गाडी चालली नाही तर सगळंच बुडणार होतं. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनने मोकळी केली, इग्निशनची वायर उघडी पडली तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला, इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे डाग काढायचं सॉल्व्हंट घेतलं. चढावर गाडी ओढेना म्हणून मुलांनी ढकलली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्याला चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक हलका गिअर पाहिजे, आणि तो त्याने बसवला.

मला ही गोष्ट आवडते ती धाडसाची म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त यासाठी की गाडीत काय कमी आहे ते बनवणाऱ्याला चालवणाऱ्याने सांगितलं. घाटात ब्रेक आणि हलका गिअर म्हणजे काय ते तुमच्या वडलांना वेगळं समजवायला नको.

दुसरीकडे स्टुटगार्टजवळ कान्स्टाटला गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख स्वतंत्रपणे इंजिनं बनवत होते. त्यांच्या गाड्या नीस शहरात एक ऑस्ट्रियन व्यापारी विकायचा, एमिल येलिनेक, माणूस वेगाचा शौकीन. मार्च १९०० मधे नीसजवळच्या चढाच्या शर्यतीत डाइमलर कंपनीचा फोरमन विल्हेल्म बाउअर गाडी आदळून वारला. गाडी उंच, आखूड, पुढून जड, वळणावर सावरेना. कंपनी शर्यती बंद करायच्या विचारात होती, पण येलिनेकचं म्हणणं पडलं की शर्यत बंद करून काय होणार, गाडी बदला, लांब करा, खाली बसवा. असं म्हणून त्याने ३६ गाड्यांची साडेपाच लाख मार्कची ऑर्डर दिली आणि अट घातली की नव्या गाडीला माझ्या मुलीचं नाव द्यायचं, मर्सिडीज. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. मायबाखने १९०१ मधे जी ३५ हॉर्सपॉवरची गाडी काढली ती बघितली तर आजच्या गाडीची सगळी मांडणी त्यात दिसते, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), खाली बसलेली चेसिस, आणि समोर मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर, त्यात आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या, त्यामुळे इतकं मोठं इंजिन गार ठेवायला पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी कमी लागायला लागलं. आपण बोनेटपुढे जाळी बघून "गाडी" म्हणतो ना, तो चेहरा तिथून आला. नाव १९०२ मधे रजिस्टर झालं, स्टार १९०९ मधे, त्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आपली इंजिनं चालावीत म्हणून. महागाईने कंबरडं मोडल्यावर १९२६ मधे बेंझ आणि डाइमलर एक झाले आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव आलं.

आता मधली ३० वर्षं झरझर घेतो, पण एक गोष्ट गाळणं चुकीचं होईल. नाझी काळात ही कंपनी लष्करासाठी विमानांची इंजिनं आणि ट्रक बनवत होती आणि तिच्या कारखान्यांत हजारो माणसांना, त्यात छळछावण्यांतले कैदीही, सक्तीने राबवलं गेलं. कंपनीने पुढे हे स्वतः मान्य केलंय. गाडीवर प्रेम करणाऱ्याने हेही माहीत ठेवून करावं असं मला मनापासून वाटतं.

युद्धानंतर जे झालं त्यावर माझ्या मते आजचं नाव उभं आहे. लोक १९५४ च्या ३०० एसएल बद्दल बोलतात, पंखासारखी वर उघडणारी दारं, सुंदर गाडीच आहे ती (आणि ती दारं नखरा म्हणून नव्हती, चेसिसच्या नळ्यांची जाळी बाजूने एवढी वर आलेली की नेहमीसारखं दार बसवायला जागाच नव्हती). पण मला कुणी विचारलं की या कंपनीतला सगळ्यात मोठा माणूस कोण तर मी त्यांचा इंजिनिअर बेला बारेन्यी म्हणेन. त्याआधी समज असा की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. हा म्हणाला उलटं करा, माणसं बसतात तो मधला भाग कडक ठेवा आणि पुढचा-मागचा भाग चुरगळू द्या, म्हणजे धक्का पत्र्यात जिरेल, माणसापर्यंत पोचणार नाही. त्याचं पेटंट १९५१ चं, आणि १९५९ मधे मागे पंखांसारखी टोकं असलेल्या डब्ल्यू १११ (डब्ल्यू आणि आकडा म्हणजे कंपनीचा मॉडेल नंबर) मधे ते पहिल्यांदा पूर्ण गाडीत आलं. त्याच वर्षी सिंडेलफिंगनला त्यांनी गाड्या मुद्दाम ठोकून बघायला सुरुवात केली, नंतरच्या काळात वेग मिळावा म्हणून गाडीला गरम पाण्याच्या वाफेवर चालणारं रॉकेट जोडायचे. आणि १९६९ पासून त्यांची माणसं स्टुटगार्टच्या आसपास खऱ्या अपघाताच्या जागी जाऊन गाडी कुठे वाकली, माणसाला कुठे लागलं, ते मोजून आणायला लागली.

याचा अर्थ बघा. गाडी बनवणारा गृहीत धरतोय की चालवणारा कधीतरी चुकणार, डुलकी लागणार, समोरून कुणी अंगावर येणार. तो ड्रायव्हरला दोष देत बसत नाही, त्याची सोय करून ठेवतो. त्यांच्याकडे आरामसुद्धा सुरक्षेत मोजतात, कारण थकलेला ड्रायव्हर चुकतो. म्हणून त्या जुन्या गाड्यांची सीटं हात लावून बघितली तर टणक लागतात, शोरूममधे पाच मिनिटं बसणाऱ्याला आवडणारच नाहीत, पण आत स्प्रिंगा आणि त्यावर रबर लावलेल्या घोड्याच्या केसांची गादी असते, सहा तास चालवून उतरलात तरी कंबर धरत नाही. मागच्या लाइटला आडव्या खाचा का असतात माहितीये? चिखल उडाला तरी आतल्या खोल खाचा स्वच्छ राहतात आणि मागून येणाऱ्याला ब्रेक लाइट दिसतो. १९७० च्या दशकात आलं ते. सीट पुढेमागे करायचं बटण सीटच्याच आकाराचं आणि दारावर बसवलेलं, म्हणजे रात्री न बघता हाताला कळतं. एसटीत ज्या माणसाने रात्रपाळ्या काढल्यात त्याला या गोष्टी कुणी न सांगता दिसतात, आपल्याला सांगाव्या लागतात. वडील थांबून बघतात ते बहुतेक हेच बघत असणार.

तुमचा मुद्दा की आता सगळ्या गाड्यांत एबीएस असतं, तो खराच आहे, पण ते आलं कुठून? गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या बॉश कंपनीबरोबर बरीच वर्षं घालवून १९७८ मधे एस-क्लासमधे, म्हणजे त्यांच्या सगळ्यात वरच्या गाडीत, चारही चाकांचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं, आधी १९७० मधे एकदा लोकांना दाखवलंही होतं पण इलेक्ट्रॉनिक्स भरवशाचं नव्हतं म्हणून विकायला काढलं नाही, आठ वर्षं थांबले. ड्रायव्हरची एअरबॅग १९८१ च्या सुमाराला, तीही एस-क्लासमधेच. ईएसपी, म्हणजे गाडी वळणावर सरकायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, १९९५ ला पुन्हा बॉशबरोबर. आणि याचं पुढचं प्रकरण तर मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. १९९७ मधे त्यांची नवी छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, समोर हरीण आलं तर झटकन गाडी काढतो तशी काढताना, चक्क उलटली. जगभर नाचक्की झाली. मग त्यांनी विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं आणि त्या सगळ्यात स्वस्त मॉडेललाही ईएसपी फुकट बसवून दिलं, तोवर ती महागड्या गाड्यांची चीज होती. त्यानंतर छोट्या गाड्यांत ईएसपी यायला जोर आला. चूक मोठीच होती, पण निस्तरली ती चालवणाऱ्याच्या बाजूने.

आता माझ्या हातातल्या अनुभवाचं. पहिल्यांदा डब्ल्यू १२३ चं बोनेट उघडलं तेव्हा उस्ताद म्हणाले थांब, अजून वर कर, आणि एक खटका दाबून ते अगदी सरळ ९० अंशात उभं केलं, भिंतीसारखं. पुढून, बाजूने, कुठूनही हात घाला, डोकं आपटत नाही, उजेड अडत नाही. मला तेव्हा वाटलं की हे कुणीतरी माझ्यासाठी केलंय, जर्मनीत बसून एका मेकॅनिकच्या मानेचा विचार केलाय. डब्ल्यू १२४ मधेही तेच. त्या गाड्यांचं दार बंद करताना आपटावं लागत नाही, नुसतं सोडलं की धप्प असा जाड आवाज करत बसतं. डब्ल्यू १२३ १९७६ पासून दहाएक वर्षांत जवळपास २७ लाख बनल्या, जर्मनीत टॅक्सी म्हणून चालल्या, मग तिथून जुन्या होऊन आफ्रिकेत, अरब देशांत गेल्या आणि तिथे परत टॅक्सी झाल्या. २४० डी नावाची डिझेल तर इतकी संथ की ओव्हरटेक करायचा म्हणजे आधी ठरवून करायचा, पण थांबत नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने त्याच्या, डब्ल्यू १२३ च्या आधीच्या पिढीतल्या, २४० डी वर ४६ लाख किलोमीटर काढले आणि २००४ मधे ती कंपनीच्या म्युझियमला दिली. त्यातल्या इंजिनांची अदलाबदल झाली असली तरी आकडा आकडाच आहे.

आणि वडलांच्या वयाच्या माणसांसाठी आपल्याकडचा एक धागा आहे. १९५४ मधे टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझबरोबर १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला लागले, १९६९ पर्यंत त्या ट्रकच्या जाळीवर हाच तीन टोकांचा स्टार असायचा. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हर लोकांनी मर्सिडीज पहिल्यांदा बघितली ती शेठच्या बंगल्यात नाही तर मालट्रकवर, त्यामुळे त्यांच्या डोक्यात स्टार म्हणजे ऐट नाही, माल घेऊन घाट चढणारं इंजिन. वडलांना विचारून बघा, त्यांच्या वरच्या पिढीतल्या ड्रायव्हरांकडून त्यांनी "मर्सिडीज" हा शब्द ट्रकसाठीच आधी ऐकला असेल. कार आली १९९५ ला, आपल्या पिंपरीत टेल्कोच्याच आवारात डब्ल्यू १२४ ई-क्लासची (त्यांची मधल्या आकाराची गाडी) जुळणी सुरू झाली, २००९ पासून चाकणला स्वतःचा कारखाना. पुण्यात माझ्यासारखे बरेच जण या गाड्यांकडे वळले ते त्या पिंपरीच्या ई-क्लासमुळे.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग कुठलीही घ्या. तसं नाही. १९८० च्या दशकापर्यंत त्यांच्याकडे इंजिनिअर आधी गाडी ठरवायचे आणि किंमत नंतर लागायची. १९८९ मधे जपानी लेक्सस आली, तेवढीच शांत, तेवढीच टिकाऊ आणि बरीच स्वस्त, तेव्हा सगळं गणितच फिरलं, मग आधी किंमत ठरायला लागली आणि त्यात बसेल तेवढी गाडी. १९९८ ला अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी लग्न केलं ते २००७ ला मोडलं. या मधल्या काळात पत्र्याला गंज आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या तक्रारी जगभर गाजल्या, १९९५ नंतरच्या ई-क्लासचा गंज तर युरोपात प्रसिद्धच आहे. नंतर त्यांनी सुधारलं. पण स्टार तोच असला तरी १९८८ ची गाडी, २००१ ची गाडी आणि २०१२ ची गाडी या तीन वेगळ्या विचारांच्या गाड्या आहेत, ऑनलाइन जाहिरात बघताना हे विसरू नका.

म्हणजे नाव फुकटचं नाही, ते चालवणाऱ्याचा विचार करून कमावलेलं आहे, आणि कुठल्या वर्षांत तो विचार घट्ट होता आणि कुठे सैल पडला हे बघून गाडी निवडायची.

तुमच्यासाठी माझं मत. वडलांना गाडी अधूनमधून, जवळपास, हौसेने चालवायची असेल आणि तुम्हाला चांगल्या अवस्थेतली डब्ल्यू १२४ मिळाली तर तिच्यासारखं सुख नाही, साधा मेकॅनिकसुद्धा समजून घेऊ शकतो अशी गाडी आहे. पण पार्ट मागवून थांबावं लागतं, खासगी गाडीला १५ वर्षांनंतर आरसी रिन्यू करायची, पर्यावरण कर भरायचा, हे सगळं तुम्हाला करावं लागणार, वडलांच्या अंगावर टाकू नका. रोज वापरायची असेल तर २०१० च्या पुढची सी-क्लास (ई-क्लासपेक्षा छोटी), साध्या स्प्रिंगांची, बघा. एअर सस्पेन्शनवाली (स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसलेली) जुनी मोठी गाडी स्वस्तात दिसली तरी हात लावू नका. लोक इथेच फसतात, दहा-बारा वर्षांची मोठी मर्सिडीज स्विफ्टच्या भावात मिळते पण तिचे पार्ट मर्सिडीजच्याच भावात मिळतात. जेवढ्याला गाडी घ्याल त्याच्या निदान पाव भाग पैसे पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा, हा माझा हिशोब आहे, दुसरा कुणी वेगळा सांगेल.

बघायला जाल तेव्हा गाडी गार असताना स्टार्ट करून बघा, मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. लिफ्टवर चढवून खालून बुश आणि बॉल जॉइंट (सस्पेन्शनचे सांधे), ऑइल गळती बघा, जॅकच्या जागांजवळ गंज बघा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावा, सर्व्हिस हिस्ट्रीतले किलोमीटर आणि मीटरमधले किलोमीटर जुळतात का बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचारा, "ते बदलायचं नसतं" असं उत्तर आलं तर ते काम तुमच्यावर आहे असं धरून भाव करा.

आणि एक, वडलांचे गुडघे कसे आहेत? एसटीत उंचावर बसायची सवय, या गाड्या खाली असतात, रोज त्यातून उठायचं म्हणजे साठीनंतर जाणवतं. त्यांना सरप्राइज देण्यापेक्षा बरोबर न्या, मागच्या सीटवर नाही, स्टिअरिंगवर बसवा, आणि जमल्यास एखादा घाट असलेल्या रस्त्याने ट्रायल घ्या. त्यांच्या पायाला ब्रेक आणि हाताला स्टिअरिंग काय सांगतंय ते माझ्या स्कॅनरला दिसणार नाही. एखादी गाडी पक्की होत आली की तिचा साल, मॉडेल आणि चालवलेले किलोमीटर इथे लिहा, त्या मॉडेलमधे नेमकं काय उघडून बघायचं ते सांगतो.